भोर-वेल्ह्याच्या घाटात जुन्या गाडीचं टायमिंग लावताना ज्याचं नाव हातात येतं, तो रॉबर्ट बॉश नेमका कोण होता?

भोर सोडलं की महाडच्या दिशेनं रस्ता नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेनं वळत वळत वरंधा घाटाला लागतो. तिकडे वेल्ह्याच्या बाजूला पाबे घाट आहे. नवीन गाडी असेल तर या दोन्ही घाटांत फारसा विचार करावा लागत नाही. पण तुमच्याकडे जुनी फियाट, अ‍ॅम्बॅसेडर नाहीतर पेट्रोलवरची जुनी जीप असेल, तर घाट म्हणजे इंजिनाची परीक्षा असते.

चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून कुणीतरी खिळे हलवतंय असा टकटक आवाज यायला लागला, की जुना मेकॅनिक सांगतो, टायमिंग पुढं गेलंय. गाडी चढच घेत नसेल, इंजिन तापत असेल, तर टायमिंग मागं पडलंय. मग तो बॉनेट उघडतो, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करतो आणि तो भाग अगदी दोऱ्याएवढा फिरवतो. बोल्ट आवळला की तीच गाडी पुन्हा घाट चढायला लागते.

अशा वेळी प्लगही बदलला जातो. प्लगच्या खोक्यावर नाव असतं मायको किंवा बॉश. बाजूला एक चिन्ह असतं. गोल, आणि त्या गोलात एक विचित्र आकार. अनेकांनी ते हजार वेळा पाहिलंय, पण तो आकार कशाचा आहे हे विचारलं तर सांगता येत नाही.

तो आकार आहे मॅग्नेटोच्या आर्मेचरचा, म्हणजे ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या यंत्राच्या पोटातल्या भागाचा. आणि त्या ठिणगीवर ज्यानं आपलं आयुष्य उभं केलं, त्या माणसाचं नाव रॉबर्ट बॉश.

आधी हे टायमिंग म्हणजे काय ते समजून घेऊ

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो आणि प्लग ठिणगी टाकतो. मिश्रण पेटतं, पिस्टन खाली ढकलला जातो आणि गाडी चालते. इथवर शाळेत शिकवलेलं असतं.

पण मिश्रण एका क्षणात जळून जात नाही. ठिणगीपासून आग सगळीकडे पसरायला सेकंदाचा काही हजारावा भाग लागतो. त्यामुळं पिस्टन अगदी वर पोचल्यावर ठिणगी टाकली, तर आग पसरेपर्यंत तो खाली निघालेला असतो आणि जोर वाया जातो. म्हणून ठिणगी थोडी आधी टाकावी लागते.

किती आधी? समजा मिश्रण जळायला दोन मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर निवांत चालू असेल, तर तेवढ्या वेळात क्रँक साधारण १० अंश फिरतो. तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल, तर तेवढ्याच वेळात क्रँक ३६ अंश फिरतो. प्रत्यक्षात वेग वाढला की मिश्रण घुसळलं जाऊन जरा लवकर जळतं, त्यामुळं आकडे थोडे बदलतात. पण मुद्दा तोच राहतो. वेग बदलला की ठिणगीची वेळ बदलली पाहिजे.

ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला आग उलटी खाली दाबते. नॉकिंग होतं आणि पिस्टनचं नुकसान होतं. हँडल मारून गाडी चालू करायच्या काळात तर हँडल उलटं फिरून ड्रायव्हरचं मनगट मोडायचं. ठिणगी उशिरा पडली तर ताकद कमी मिळते, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन तापतं.

म्हणजे ठिणगी पडणं पुरेसं नाही, ती वेळेवर पडली पाहिजे. १८९० च्या दशकात जगातल्या सगळ्या मोटारी याच प्रश्नावर अडल्या होत्या.

खानावळवाल्याचं अकरावं पोर

रॉबर्ट बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा. गाव आल्बेक, दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहराजवळचं. बारा भावंडांत त्याचा नंबर अकरावा. वडील सर्वेटियस यांची खानावळ होती, सोबत शेती. पैशाची ददात नव्हती. वडील वाचणारे आणि उदारमतवादी विचारांचे होते. पोरांनी शिकावं असा त्यांचा आग्रह होता.

पण रॉबर्टचं शाळेत काही मन रमलं नाही. शाळा संपल्यावर १८७६ मध्ये तो उल्ममध्येच एका कारागिराकडे बारीक यंत्रकाम शिकायला उमेदवार म्हणून राहिला. तिथं त्याची निराशा झाली. मालकाचं पोरांना शिकवण्याकडे लक्षच नव्हतं. हा सल त्याच्या मनात कायम राहिला. पुढं मोठा कारखानदार झाल्यावर १९१३ मध्ये त्यानं उमेदवारांसाठी स्वतंत्र वर्कशॉप सुरू केलं, ते यातूनच.

उमेदवारी संपल्यावर त्यानं बरीच ठिकाणं पालथी घातली. न्यूरेम्बर्गला शुकर्टच्या कारखान्यात काम केलं. १८८४ मध्ये तो थेट अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये थॉमस एडिसनच्या कारखान्यात लागला. तिथं तो कामगारांच्या एका संघटनेचा सभासदही झाला. नंतर इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कंपनीत काम केलं. विजेचं युग नुकतं सुरू होत होतं आणि हा तरुण त्याच्या मधोमध फिरून आला होता.

एक मेकॅनिक, एक पोऱ्या आणि एक सायकल

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बॉशनं स्टुटगार्टमध्ये स्वतःचं वर्कशॉप उघडलं. भांडवल होतं वडिलांच्या वारशातून मिळालेले १०,००० मार्क. हाताखाली एक मेकॅनिक आणि एक पोऱ्या. पुढच्या वर्षी आना कायझर हिच्याशी त्याचं लग्न झालं.

काम काय? तर मिळेल ते. टेलिफोन बसवणं, विजेच्या घंटा, टाकीतली पाण्याची पातळी दुरून दाखवणारी यंत्रं. आपल्याकडं चौकातला इलेक्ट्रिशियन जसा कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही, तसंच. गिऱ्हाइकांकडे जायला त्यानं सायकल घेतली होती. त्या काळात स्टुटगार्टमध्ये ती नवलाची वस्तू होती.

धंदा काही वर्षं अगदी जेमतेम चालला. कर्ज काढावं लागलं. एकदा तर बहुतेक कामगारांना घरी पाठवायची वेळ आली. पण एक गोष्ट त्यानं सुरुवातीपासून पाळली. काम तपासल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही. पैसे बुडाले तरी चालतील, गिऱ्हाइकाचा विश्वास बुडता कामा नये, हा त्याचा हिशोब होता.

१८८७ मध्ये त्याच्याकडे एक वेगळी ऑर्डर आली. एका यंत्र बनवणाऱ्याला जागेवर बसवायच्या गॅस इंजिनासाठी मॅग्नेटो हवा होता, डॉइट्झ कंपनी आपल्या इंजिनावर लावायची तसा. मॅग्नेटो म्हणजे चुंबकांच्या मध्ये तारेचं वेटोळं हलवून वीज तयार करणारं छोटं यंत्र. त्याला बॅटरी लागत नाही. बॉशनं आधी चौकशी केली की या यंत्राचं पेटंट कुणाकडे आहे का. नव्हतं. मग त्यानं तो मॅग्नेटो बनवला, त्यात सुधारणा केल्या आणि विकायला सुरुवात केली.

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मॅग्नेटो बॉशनं शोधलेला नाही. त्याच्या नावावर जगभर खपलेल्या पुढच्या यंत्रांमधलेही मोठे शोध त्याच्या हाताखालच्या माणसांचे होते. अशी माणसं ओळखणं, त्यांना मोकळीक देणं आणि त्यांच्या हातून निघालेली वस्तू एका दर्जाच्या खाली न जाऊ देणं, हे त्याचं काम होतं.

मोटारींचा सगळ्यात मोठा घोळ

आता १८९७ साली येऊ. मोटार रस्त्यावर येऊन अकरा वर्षं झाली होती, पण ठिणगीचा प्रश्न सुटला नव्हता.

डेमलरच्या गाड्यांमध्ये सिलिंडरला एक नळी जोडलेली असायची आणि बाहेरून बर्नरनं ती लाल होईपर्यंत तापवायची. मिश्रण दाबलं गेलं की त्या तापलेल्या नळीमुळं पेट घ्यायचं. म्हणजे पेट्रोलच्या गाडीवर उघडी ज्योत घेऊन फिरायचं. आगीची भीती तर होतीच, शिवाय मिश्रण कधी पेटेल यावर ड्रायव्हरचा ताबा जवळपास नव्हता. टायमिंग लावणं हा प्रकारच नव्हता. बेन्झच्या गाड्या बॅटरी आणि कॉइलवर ठिणगी पाडायच्या, पण तेव्हाच्या बॅटऱ्या थोड्याच अंतरात मान टाकायच्या.

अशात फ्रेडरिक सिम्स हा व्यावसायिक बॉशकडे आला. इंग्लंडमध्ये डेमलरच्या इंजिनांचा धंदा तोच बघायचा. त्यानं द दियों-बूतों कंपनीची तीनचाकी आणली होती आणि तिला मॅग्नेटो बसवून हवा होता. अडचण अशी होती की बॉशचा मॅग्नेटो सावकाश फिरणाऱ्या गॅस इंजिनासाठी होता आणि या तीनचाकीचं छोटं इंजिन मिनिटाला हजाराच्या वर फेरे घ्यायचं. मॅग्नेटोतलं जड आर्मेचर एवढ्या वेगानं पुढं-मागं हलणं शक्य नव्हतं.

तोडगा काढला बॉशच्या वर्कशॉपमधल्या आर्नोल्ड झेरिंगरनं. त्यानं जड आर्मेचर जागेवर ठेवलं आणि त्याच्याभोवती धातूची एक हलकी टोपी हलवली. हलणारं वजन कमी झालं आणि वेग जमला. मोटारीला मॅग्नेटो बसला.

त्यानंतर डेमलरही याच वाटेनं आला. १९०० मध्ये काउंट झेपेलिननं आपलं पहिलं हवाई जहाज उडवलं, तेव्हा त्याच्या इंजिनांवर बॉशचे मॅग्नेटो होते. पोटात हायड्रोजन भरलेल्या जहाजाखाली उघडी ज्योत किती धोक्याची, हे वेगळं सांगायला नको.

होनोल्डची ठिणगी

तरी एक अडचण उरलीच होती. या मॅग्नेटोचा विजेचा दाब कमी होता. त्यामुळं सिलिंडरच्या आत दोन धातूंचे तुकडे एकमेकांना टेकवून ऐन वेळी झटक्यानं वेगळे करावे लागायचे. चालू उपकरणाची पिन सॉकेटमधून ओढली की जशी बारीक ठिणगी दिसते, तशी ठिणगी मग सिलिंडरमध्ये पडायची. पण त्यासाठी बाहेरून आत जाणाऱ्या दांड्या, स्प्रिंगा असा सगळा पसारा लागायचा. तो झिजायचा, अडकायचा. आणि इंजिनं तर दिवसेंदिवस वेगवान होत होती.

बॉशनं हे काम गॉटलोब होनोल्डला दिलं. होनोल्ड पूर्वी याच वर्कशॉपमध्ये उमेदवार होता. मध्ये शिक्षण घेऊन तो १९०१ मध्ये इंजिनिअर म्हणून परत आला होता. त्यानं आर्मेचरवर तारेची दोन वेटोळी गुंडाळली, एक कमी फेऱ्यांचं आणि एक खूप जास्त फेऱ्यांचं. पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह पॉइंट उघडून अचानक तोडला की दुसऱ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. हा दाब एवढा असतो की वीज प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून स्वतःच उडी मारते. सिलिंडरच्या आत हलणारा एकही भाग लागत नाही.

जानेवारी १९०२ मध्ये याचं पेटंट झालं. सोबत बॉशनं स्पार्क प्लगही बनवायला घेतले. आता ठिणगी कधी पाडायची हे पॉइंट कधी उघडतात यावर ठरणार होतं आणि पॉइंट उघडायची वेळ मागं-पुढं करता येत होती. त्या काळच्या गाड्यांच्या स्टिअरिंगपाशी यासाठी एक छोटी दांडी असायची. हँडल मारताना दांडी मागं, वेग घेतला की पुढं, चढ लागला की पुन्हा थोडी मागं. आज घाटाखाली मेकॅनिक जे पान्यानं करतो, ते तेव्हाचा ड्रायव्हर चालत्या गाडीत हातानं करायचा.

१९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत मर्सिडीजनं जिंकली, तिच्यावरही बॉशचाच मॅग्नेटो होता. मागणी इतकी वाढली की १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो कारखान्यातून बाहेर पडला. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क अशी सगळीकडं कचेऱ्या आणि कारखाने निघाले. १९१३ पर्यंत कंपनीची ८८ टक्के विक्री जर्मनीच्या बाहेर होत होती.

लाल बॉश

१९०६ मध्येच बॉशनं आणखी एक गोष्ट केली. कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. जर्मनीत तेव्हा दहा तास किंवा त्याहून जास्त काम हे सर्रास होतं. १९१० पासून शनिवारी दुपारी सुट्टी मिळू लागली. पगारही आसपासच्या कारखान्यांपेक्षा चांगला होता. इतर कारखानदार त्याला लाल बॉश म्हणून हिणवायला लागले.

यात नुसती दया नव्हती. आठ-आठ तासांच्या पाळ्या लावल्या तर यंत्रं जास्त वेळ चालतात आणि थकलेला माणूस बारीक काम बिघडवतो, हे त्याला माहीत होतं. सेकंदाच्या हजाराव्या भागात चालणारी वस्तू दमलेल्या हातांनी बनत नाही.

पण सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात मोठा संप झाला. चांगला पगार देऊनही संप होतो हे त्याला लागलं. त्यानंतर तो मालकांच्या संघटनेत गेला.

याच सुमारास, १९१२ मध्ये, त्यानं म्युनिकच्या दक्षिणेला दलदलीची जमीन घेऊन शेतीचे प्रयोग सुरू केले. शेती तोट्यात गेली तरी त्यानं ती सोडली नाही. खानावळीसोबत शेती करणाऱ्या बापाचा मुलगा तो.

ठिणगी दोन्ही बाजूंनी

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. मॅग्नेटो आता फक्त मोटारीत नव्हता. ट्रकमध्ये होता, विमानात होता. ब्रिटनला तर युद्ध सुरू झाल्यावर कळलं की आपल्या जवळजवळ सगळ्या इंजिनांची ठिणगी शत्रूच्या देशातून येते. त्यांना घाईघाईनं स्वतःचा मॅग्नेटो उद्योग उभारावा लागला. म्हणजे सुरुवातीला आकाशात समोरासमोर आलेल्या विमानांत दोन्हीकडं एकाच कारखान्याचा माल असू शकत होता.

बॉशला युद्धातून प्रचंड पैसा मिळाला आणि तो पैसा त्याला नकोसा झाला. नव्या कारखान्याचा काही भाग त्यानं जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलसाठी दिला. १९१६ मध्ये नेकार नदीच्या कालव्यासाठी एक कोटीहून जास्त मार्क देऊन टाकले.

दुसरीकडं वीस वर्षांत परदेशात उभं केलेलं सगळं गेलं. अमेरिकेतला कारखाना तिथल्या सरकारनं ताब्यात घेऊन विकला. बॉश हे नावही तिकडं दुसऱ्याच्या हातात गेलं. १९१८ मध्ये कंपनीला नवं चिन्ह हवं होतं. होनोल्डनं ते काढलं, गोलात मॅग्नेटोचं आर्मेचर. प्लगच्या खोक्यावर आजही दिसतं ते हेच.

घरातही दुःखच होतं. एकुलता एक मुलगा रॉबर्ट बरीच वर्षं आजारी होता, तो १९२१ मध्ये वारला. १९२३ मध्ये होनोल्डही गेला. आनाशी असलेलं लग्न १९२७ मध्ये मोडलं. त्याच वर्षी बॉशनं दुसरं लग्न केलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा मुलगा झाला.

ज्यानं मॅग्नेटोला मागं टाकलं

मॅग्नेटोला खरा धक्का अमेरिकेतून आला. तिथल्या चार्ल्स केटरिंगनं बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर यांची जोडणी बसवली होती. पाठोपाठ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टरही आला. स्टार्टरसाठी गाडीत बॅटरी आलीच, मग महागडा मॅग्नेटो कशाला? बॉशनंही १९२५ मध्ये बॅटरीवरचं इग्निशन बाजारात आणलं, पण १९२६ मध्ये विक्री इतकी पडली की कामगार कमी करावे लागले.

फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडरमध्ये आपण जे टायमिंग लावतो, ते केटरिंगच्या या जोडणीचं. पद्धत सोपी आहे. आधी फिलर गेजनं पॉइंटची फट मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी करायची. एक नंबरचा पिस्टन मिश्रण दाबत वर येतोय हे बघून इंजिन हातानं फिरवायचं आणि पुलीवरची खूण सांगितलेल्या अंशावर आणायची. डिस्ट्रिब्युटरचा रोटर तेव्हा एक नंबरच्या वायरकडे बघत असला पाहिजे. मग इग्निशन चालू करून पॉइंटच्या वायरला आणि बॉडीला बल्ब जोडायचा. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेला हळूहळू फिरवायचा. पॉइंट उघडतात त्याच क्षणी बल्ब लागतो. तिथंच थांबायचं आणि बोल्ट आवळायचा.

पूर्वीच्या दांडीचं काम आता डिस्ट्रिब्युटरच्या आतली दोन वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप लवकर पडते. म्हणून ही वजनं किंवा त्यांच्या स्प्रिंगा खराब असतील, तर कितीही वेळा टायमिंग लावलं तरी गाडी घाटात दगा देते.

ठिणगी नसलेलं इंजिन

बॉशनं मात्र दुसरी तयारी आधीच सुरू केली होती. डिझेल इंजिनात ठिणगी लागतच नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की पेटतो. मग तिथं टायमिंग कशाचं? फवाऱ्याचं. तो नेमक्या वेळी, नेमका तेवढाच आणि प्रचंड दाबानं पडला पाहिजे.

ज्या माणसानं ठिणगीवर नाव कमावलं, त्यानं साठी ओलांडल्यावर ठिणगी नसलेल्या इंजिनावर पैसा लावला. १९२२ च्या अखेरीस ठरलं आणि १९२७ मध्ये ट्रकसाठी डिझेल पंप तयार होऊन निघू लागला. १९३६ मध्ये मर्सिडीजची डिझेल कार आली, तीही बॉशच्या पंपावर.

जिथं वेळ हातात राहिली नाही

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बॉश तेव्हा बहात्तरीकडे झुकलेला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी आणि फ्रान्सचं जुळावं म्हणून तो धडपडत होता. नाझींचे विचार त्याला पटणारे नव्हते. १९३७ मध्ये त्याच्या कंपनीनं कार्ल ग्योर्डेलर याला सल्लागार म्हणून घेतलं. हाच ग्योर्डेलर पुढं हिटलरविरोधी गटाचा प्रमुख चेहरा झाला आणि १९४५ मध्ये फासावर गेला. बॉशचा उजवा हात हान्स वाल्झ यानं ज्यू लोकांना वाचवण्यासाठी, देशाबाहेर पाठवण्यासाठी पैसे पुरवले. त्यासाठी इस्राएलनं नंतर त्याचा सन्मान केला.

पण ही गोष्ट इथंच थांबवली तर ती अर्धीच राहील. त्याच काळात त्याच कारखान्यात हिटलरच्या सैन्यासाठी माल तयार होत होता. युद्धाच्या वर्षांत कंपनीत सुमारे २०,००० लोकांना सक्तीनं राबवलं गेलं. एका हातानं माणसं वाचवणं आणि दुसऱ्या हातानं युद्धाची यंत्रं चालू ठेवणं, हे दोन्ही एकाच छपराखाली झालं. आठ तासांचा दिवस देणाऱ्या माणसाच्या नावाला हा डाग कायमचा लागला.

१९४० मध्ये त्यानं स्टुटगार्टमध्ये होमिओपॅथीचं हॉस्पिटल सुरू केलं. त्याचा होमिओपॅथीवर मोठा विश्वास होता. १२ मार्च १९४२ रोजी कानाच्या संसर्गातून वाढलेल्या आजारात तो वारला. वय ८०. ज्या राजवटीच्या विरोधकांना त्याच्या कंपनीनं आसरा दिला, त्याच राजवटीनं त्याचे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले.

जाताना त्यानं एक गोष्ट सांगून ठेवली होती. कंपनी टिकावी, पण तिचा पैसा समाजाच्या कामाला यावा. त्यातूनच आज कंपनीचा नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा त्याच्या नावाच्या सेवाभावी संस्थेकडे आहे. ते हॉस्पिटलही चालू आहे.

मायको आपल्या गावात कसा आला?

बॉशचा माल भारतात १९२२ मध्येच कलकत्त्याच्या एजन्सीमार्फत येऊ लागला होता. १९५१ मध्ये बंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी सुरू झाली. तिच्या नावाचं लघुरूप म्हणजे मायको. पन्नाशीच्या दशकात तिथं स्पार्क प्लग आणि डिझेल पंप बनायला लागले. पुढं नाशिकलाही कारखाना आला. २००८ मध्ये कंपनीचं नाव अधिकृतपणे बॉश झालं, पण गावाकडं अजूनही पंप म्हटलं की मायकोच.

नसरापूर ते वेल्हे माणसं वाहणाऱ्या वडापच्या जीपा बहुतेक डिझेलवरच्या. नीरेच्या, गुंजवणीच्या काठावर शेताला पाणी देणारी इंजिनं डिझेलची. भातखाचरात चिखलणी करणारे टिलर डिझेलचे. त्यांना प्लग नाही, पॉइंट नाही, पण टायमिंग आहेच. पंप काढून परत बसवताना खुणा जुळवल्या नाहीत, तर इंजिन काळा-पांढरा धूर ओकतं आणि ऐन लावणीत काम अडतं.

आता नवीन गाड्यांमध्ये ठिणगी आणि फवारा दोन्हीची वेळ कॉम्प्युटर ठरवतो. कानानं टायमिंग ओळखणारे मेकॅनिक कमी होत चाललेत. पण भोरला किंवा वेल्ह्याला एखादी जुनी फियाट अजून घराबाहेर उभी असेल, तर तिचं टायमिंग घाटात जाण्याआधी एकदा तपासून घ्या. फिलर गेज, पाना आणि एक बल्ब एवढंच सामान लागतं. आणि प्लग बदलायची वेळ आली, तर खोक्यावरचा तो गोलातला आकार एकदा नीट बघा.